पहिला वाचक कोण?
नव्या मराठी नाट्यसंहितांच्या वाचनाविषयी काही अप्रिय विधाने

१

मराठी नाटकाविषयी भरणाऱ्या चर्चासत्रांत समारोपाच्या सुमारास एक विधान हमखास केले जाते: तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांच्यानंतर मराठीत दखल घ्यावी असे नाटक फारसे लिहिलेच गेले नाही. विधान करणारा बहुधा प्राध्यापक असतो, ऐकणारेही प्राध्यापकच असतात, आणि बाहेर चहा थंड होऊ लागलेला असल्यामुळे प्रतिवाद कोणी करीत नाही. गेली वीस वर्षे मी अशा चर्चासत्रांना जात आले आहे, आणि हे विधान एकदा मीही केले आहे. प्रस्तुत लेख त्या विधानाच्या प्रतिवादासाठी आहे. तो काही अंशी माझ्याविरुद्धही लिहिला आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

'लिहिले गेले नाही' असे म्हणण्याचा अधिकार, जे लिहिले गेले ते ज्याने वाचले त्यालाच असतो. कवितेचा अभ्यासक निदान नियतकालिके चाळतो, नवोदितांचे संग्रह मागवतो, न आवडलेल्या कवितेवरही चार ओळी लिहितो. कादंबरीच्या अभ्यासकाकडे नवी पुस्तके या ना त्या वाटेने येत राहतात. नाटकाचा अभ्यासक मात्र नाटकापर्यंत सर्वांच्या शेवटी पोहोचतो. आधी ते कोणी तरी रंगमंचावर आणावे लागते. त्याचा प्रयोग शक्यतो मुंबई-पुण्यास व्हावा लागतो. त्यावर वर्तमानपत्रात परीक्षण यावे लागते. मग एखाद्या प्रकाशकाला ते छापावेसे वाटावे लागते. आणि शेवटी ते पुस्तक अभ्यासक्रमाला लागावे लागते. एवढ्या चाळण्यांतून जे उरते त्याला आपण 'मराठी नाटक' म्हणतो, आणि चाळणीखाली जे पडले ते मुळात नव्हतेच, असे जाहीर करतो. याला समीक्षा म्हणायचे, की दुसऱ्यांनी केलेल्या निवडीची नोंदवही?

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. नव्या नाटकाचा पहिला वाचक होण्याचे काम मराठी समीक्षेने सोडून दिले आहे. ते ज्यांच्या हाती गेले त्यांच्यावर आपल्या निर्णयाची वाङ्मयीन कारणे देण्याचे बंधन नाही. त्यामुळे होणारे नुकसान नाटककारांपुरते राहत नाही. ते नाट्येतिहासाचे आणि समीक्षेचे स्वतःचेही आहे.

२

मग आज नवे मराठी नाटक प्रथम वाचतो कोण? माझ्या माहितीप्रमाणे असे वाचक तीन आहेत.

पहिला निर्माता. त्याच्या वाचनाला मी नावे ठेवणार नाही. त्याचे पैसे गुंतलेले असतात. नाट्यगृहाच्या तारखा, नटांच्या मालिकांचे चित्रीकरण, दौऱ्याच्या बसमध्ये मावणारी माणसे यांचा हिशेब त्याला करावाच लागतो. पात्रे किती, नेपथ्य किती, शनिवार-रविवारचा प्रेक्षक येईल की नाही, हे त्याचे प्रश्न त्याच्या व्यवसायाला धरूनच आहेत. परंतु बारा पात्रांचे नाटक केवळ बारा पात्रे असल्यामुळे निर्मात्याच्या टेबलावरून परत आले, तर त्याची वाङ्मयीन योग्यता ठरली असे होत नाही. आम्ही मात्र तसे धरून चालतो. कारण परत आलेले नाटक आमच्यापर्यंत येत नाही, आणि आम्ही त्याच्यापर्यंत जात नाही.

दुसरा वाचक स्पर्धेचा परीक्षक. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेने आता साठी ओलांडली आहे. तिची प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर होते आणि नाशिक हे त्यांपैकी एक केंद्र आहे. त्या दिवसांत परशुराम साईखेडकर नाट्यगृहात संध्याकाळमागून संध्याकाळ नवी-जुनी नाटके होतात. पुढच्या रांगेत परीक्षक, त्यांच्यामागे कलावंतांचे नातेवाईक आणि अन्य संघांची माणसे. ज्या नाटकाचा क्रमांक लागत नाही, त्याचा बहुधा हाच पहिला आणि हाच शेवटचा प्रयोग. दोन-अडीच तासांचे आयुष्य संपले की संहिता दिग्दर्शकाच्या पिशवीत परत जाते. आमच्या विद्यापीठीय वर्तुळातले किती जण त्या संध्याकाळी सभागृहात असतात, हे मी येथे लिहीत नाही. मोजायला फार वेळ लागत नाही एवढेच सांगते.

तिसरा वाचक सर्वांत चिकाटीचा आहे. तो म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, आपल्या बोलण्यातले सेन्सॉर. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा, तर त्याची संहिता आधी या मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. मराठी नाटकाकडे शासनाने लक्षपूर्वक पाहण्याची परंपरा जुनी आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली. त्या कीचकात लॉर्ड कर्झन आहे हे सरकारला दिसले. तो दिसावा अशीच खाडिलकरांची योजना होती. म्हणजे रूपकाचे वाचन सरकारने अचूक केले. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले, तेव्हा कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ साली अमोल पालेकरांनी संहितांच्या या पूर्वपरीक्षणालाच न्यायालयात आव्हान दिले.

या पूर्वपरीक्षणाला माझाही विरोध आहे. पण त्या विरोधाच्या भरात एक लाजिरवाणी गोष्ट नजरेआड होते. मुंबईच्या व्यावसायिक नाटकापासून तालुक्याच्या हौशी मंडळाच्या नाटकापर्यंत सर्व संहिता एकाच रांगेत लावून वाचणारा, नामवंत आणि नवखा असा भेद न करणारा, छापील पुस्तकाची वाट न पाहणारा वाचक महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो शासनाने नेमलेला आहे. नाटकातल्या शब्दांना भिऊन का होईना, ते त्या शब्दांकडे पाहतात. आम्ही निर्भय आहोत, कारण आम्ही पाहतच नाही.

निर्माता होकार किंवा नकार देतो, परीक्षक गुण देतो, मंडळ प्रमाणपत्र देते. हे नाटक असे का घडले, ते कोठे फसले, त्याची रचना कोणत्या जाणिवेतून आली, पूर्वीच्या कोणत्या नाटकाशी ते भांडते आहे, हे प्रश्न या तिघांच्या कामाचा भाग नाहीत. ते ज्याच्या कामाचा भाग आहेत, तो चौथा वाचक जागेवर नाही.

३

येथे माझे काही सहकारी एक सैद्धांतिक आक्षेप घेतील. नाटक ही प्रयोगरूप कला आहे. संहिता म्हणजे केवळ आराखडा. रंगमंचावर न आलेले नाटक हे अद्याप नाटकच नव्हे. तेव्हा अप्रयुक्त वा एकदाच प्रयोग झालेल्या संहितेचे वाचन हा नाट्यसमीक्षेचा विषय होऊ शकत नाही. हा आक्षेप ऐकायला भारदस्त वाटतो. त्याचा पूर्वेतिहासही सन्मान्य आहे. नाटकाला कादंबरीचा धाकटा भाऊ समजून त्यात स्वभावचित्रण, भाषाशैली आणि बोध एवढेच शोधणाऱ्या जुन्या टीकेला प्रयोगाचे भान देण्याची गरज होती, आणि ज्यांनी ते दिले त्यांचे ऋण मोठे आहे. पण एके काळी डोळे उघडणारी भूमिका पुढे डोळे मिटण्याची सबब होऊ शकते. तिची तपासणी केली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की ही अट आम्ही सोयीने लावतो. देवल, खाडिलकर, गडकरी यांच्या नाटकांवर पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात. त्यांचे मूळ प्रयोग ना संशोधकाने पाहिलेले असतात, ना मार्गदर्शकाने. डॉ. लागूंचा आप्पासाहेब बेलवलकर १९७० साली रंगमंचावर उभा राहिला. आज माझ्यासमोर बसलेल्या, सुरगाणा-पेठहून आलेल्या विद्यार्थ्याला 'नटसम्राट' भेटते ते पुस्तकातच, आणि त्या वाचनावर तो परीक्षेत जे लिहितो त्याला आम्ही गुणही देतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाला प्रयोगाची अट नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या नाटकाला नाही, अट आहे ती फक्त कालच्या नाटकाला. यात सिद्धांत कोणता?

दुसरी गोष्ट, प्रयोग सर्वांना सारखा उपलब्ध नसतो. तो ज्या शहरात होतो त्या शहराचा असतो, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आणि परतीची शेवटची गाडी आहे त्याचा असतो. प्रयोगालाच नाटक मानणारी समीक्षा जाणूनबुजून नसेल, पण परिणामतः दोन शहरांची समीक्षा होते. संहितेचे तसे नाही. आज तर ती भ्रमणध्वनीवरून क्षणात सुरगाण्याला पोहोचते. पूर्वी संहिता मिळत नाहीत ही तक्रार खरी होती. आता तीही उरलेली नाही. संहिता येते, उघडली जात नाही.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वाचन ही प्रयोगाची उणी आवृत्ती असते, हे गृहीतच चुकीचे आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या सर्वपरिचित नाटकाचा शेवट घ्या. खेळातले कोर्ट आरोपी बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद देते. त्यानंतर तिचे ते दीर्घ स्वगत येते, आणि ते संपल्यावर न्यायाधीश वेळ संपल्याचे सांगतो. रंगमंचावर अभिनेत्रीचा आवाज आणि भोवतालची थिजलेली माणसे आपल्याला अशी धरून ठेवतात, की घड्याळाकडे पाहण्याची सवड होत नाही. पुस्तकात मात्र ते दहा सेकंद आणि त्यानंतरचे भरलेले कागद एकमेकांना लागून दिसतात. ती जे बोलली ते कोर्टाच्या वेळेत बसूच शकत नाही. म्हणजे ते कोणी ऐकलेले नाही. म्हणजे तिला बोलण्याची संधी दिली गेली हा कोर्टाचा दावा आणि ती काहीच बोलली नाही हे कोर्टाचे वास्तव, दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. रचनेतले हे क्रौर्य वाचकाला मोजता येते. प्रेक्षकाला ते जाणवते, वाचकाला ते दिसते. समीक्षेला दोन्ही हवेत.

आपल्या परंपरेने नाटकाला 'दृश्यकाव्य' म्हटले. या संज्ञेच्या पूर्वपदावर आम्ही पुष्कळ लिहिले आहे. तिला उत्तरपदही आहे.

४

पहिला वाचक चुकीचा असला म्हणजे काय होते, याचे आपल्याकडचे उदाहरण इतके ठसठशीत आहे, की त्याचा आपल्या नाट्यविचारावर काहीच परिणाम झाला नाही याचे नवल वाटते. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) केली आहे. नाटक प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. मधली १२४ वर्षे ते कोणाच्या वाचनाचा भाग नव्हते.

या काळात मराठी नाटकाचा इतिहास लिहून झाला होता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर', १८६१ साली कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे', १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' असे टप्पे पक्के झाले होते. पहिले स्वतंत्र गद्य नाटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर पाठ झाले होते. 'तृतीय रत्न' हाती आल्यावर त्याला या इतिहासात कोठे तरी जागा करून देण्यात आली. पण ती जागा दाराजवळची. कारण इतिहासाची वास्तू त्याच्याशिवाय उभी राहिलेली होती.

आता या नाटकाकडे वाचक म्हणून पाहा. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, त्या घरातले नवराबायको, पादरी, आणि या सर्वांच्या मध्ये प्रेक्षकाच्या बाजूने बोलणारा विदूषक. संस्कृत नाटकातला राजाचा मित्र असलेला विदूषक येथे कुणब्याच्या अंगणात येतो आणि शोषणाचे गणित उघडे करून दाखवतो. अंक-प्रवेशांची चौकट नाही. एकामागून एक संवाद, आणि शेवटी शिकण्यासाठी शाळेची वाट धरणारे जोडपे. १८५५ सालच्या वाचकाला हे नाटकाच्या कोणत्याच व्याख्येत बसणारे वाटले नसणार. पण ज्याला पुढे पथनाट्य म्हटले गेले, सूत्रधार-निवेदकाचे जे प्रयोग आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे म्हणून वाखाणले, त्यांची एक देशी शक्यता येथे लिहून ठेवलेली होती. ती कोणी वाचली नाही, म्हणून कोणी पुढे नेली नाही. एका संहितेचे न-वाचन म्हणजे एका परंपरेचे न-घडणे, ते असे.

जर्मन नाटककार ब्युख्नर १८३७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला, तेव्हा 'वॉयझेक' हस्तलिखिताच्या तुकड्यांत पडून होते. ते ग्रंथात समाविष्ट झाले १८७९ साली आणि रंगमंचावर आले १९१३ साली. म्हणजे छापल्यानंतर आणि प्रयोगापूर्वी चौतीस वर्षे ते केवळ वाचनात होते. 'रंगमंचावर न आलेले नाटक हे नाटकच नव्हे' या सूत्राने त्या चौतीस वर्षांतले त्याचे वाचक कशाचे वाचक होते? ते वाचक नसते, तर १९१३ सालच्या प्रयोगासाठी कोणी हात पुढे केला असता?

५

वाचनातून नाटककार सापडतो, हे आपल्याकडे घडलेले आहे. म्हणून ते अशक्य आहे असे म्हणण्याची सोय नाही. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथा'त आली. नागपूरला इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाची ती एकांकिका मुंबईत विजया मेहतांनी वाचली, आणि पुढे त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. येथे क्रम पाहण्याजोगा आहे: आधी नियतकालिक, मग वाचन, मग प्रयोग. नाट्यसंस्थेने नाटक शोधले ते वाङ्मयीन नियतकालिकाच्या पानांत. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले. त्याबरोबर या क्रमाची सवयही क्षीण होत गेली. आज वाङ्मयीन नियतकालिके कविता छापतात, कथा छापतात, कवितेवरच्या लेखावरची प्रतिक्रियाही छापतात. पूर्ण नाटक क्वचितच छापतात. पाने फार जातात, हे कारण सांगितले जाते. पाने जातात हे खरे. पण कशासाठी वाचवली जातात, हाही प्रश्न आहे.

इंग्लंडात १९५६ साली रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नव्याने सुरू झालेल्या मंडळीने नवी नाटके हवीत अशी जाहिरात दिली. आलेल्या शेकडो संहिता वाचल्या गेल्या आणि त्यांतून जॉन ऑस्बर्नचे 'लुक बॅक इन अँगर' निघाले. शेकड्यांत एक, हे प्रमाण पाहून आपल्याकडचा अभ्यासक म्हणेल, एवढा कचरा कोण वाचणार? तेथे ते कोणी तरी वाचले, एवढेच उत्तर आहे. त्या नाट्यगृहात पुढे प्रयोगाच्या कार्यक्रमपत्रिकेबरोबर नाटकाची संहिताही छापून विकण्याची पद्धत पडली. आपल्याला यात फार परके वाटण्याचे कारण नाही. संगीत नाटकांच्या काळी नाट्यगृहाच्या दारात पदांची पुस्तके विकली जात. प्रेक्षक ऐकलेले घरी नेऊन वाचत असे.

आता माझ्या गावाविषयी. शिरवाडकर आणि कानेटकर यांच्या गावात राहतो, हा नाशिकच्या प्रत्येक मराठी अध्यापकाचा राखीव अभिमान आहे. येथील महाविद्यालयात शिकवणाऱ्या कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली पुण्याच्या पीडीएने केले, 'नटसम्राट' मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने केले, हे आम्ही कौतुकाने सांगतो. त्या कौतुकात आमच्या सवयीची मुळे आहेत: नाशिकला नाटक लिहिले जाते, ते चांगले की वाईट हे बाहेरून कळते.

'देवबाभळी'चेच पाहा. प्राजक्त देशमुख नाशिकचे. तुकोबांची आवली आणि तिची सेवा करायला लखुबाई होऊन आलेली रखुमाई, या दोघी एका घरात समोरासमोर येतात. एकीचा नवरा देवापायी संसाराला पारखा, दुसरीचा देवच भक्तांपायी. भक्तिपरंपरेला घरातून, चुलीच्या बाजूने विचारलेला हा प्रश्न मराठी नाटकाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, आणि तो एकांकिकेच्या रूपात स्पर्धेच्या रंगमंचावर आधीच विचारला गेला होता. २०१७ साली भद्रकाली प्रॉडक्शन्सने पूर्ण नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणले. साहित्य अकादमीचा २०२० सालचा युवा पुरस्कार त्याला मिळाला. आमच्या विभागात त्यावरचे पहिले टिपण वाचले गेले ते यानंतर. निर्माता, प्रेक्षक आणि दिल्ली यांनी कौल दिल्यावर आम्ही एकमताने अनुकूल झालो. दत्ता पाटलांचे 'हंडाभर चांदण्या' हे पाणीटंचाईचे नाटक याच शहरात लिहिले गेले, याच शहरातल्या मंडळींनी केले. त्याच्या संहितेचे वाचन आमच्या वर्गात झाले, असे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ही दोन नावे निदान आपल्या बळावर बाहेर पोहोचली. जी पोहोचली नाहीत त्यांची नावे मी लिहू शकत नाही. कारण ती मलाही ठाऊक नाहीत, आणि हाच माझ्या तक्रारीचा आशय आहे.

६

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातल्या, लासलगावकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला एकांकिकेची संहिता वाचायला दिली. झेरॉक्स केलेली तीस-बत्तीस पाने, कोपऱ्यात टाचणी. महाविद्यालयीन स्पर्धेत तिचा एक प्रयोग झाला होता, क्रमांक आला नव्हता. 'सावकाश वाचा मॅडम,' ती म्हणाली, आणि मी तिचे म्हणणे अक्षरशः पाळले. संहिता टेबलाच्या खणात गेली. त्या वर्षी मी मराठी नाटकातील स्त्रीप्रतिमांवर एक निबंध वाचला, तो छापूनही आला. खण आवरताना संहिता हाती लागली ती दोन वर्षांनी.

बाजार समितीतला कांद्याचा लिलाव. नाटकभर पुरुषांचे आवाज भाव पुकारतात. ते रंगमंचावर दिसत नाहीत. दिसते ती एक बाई, कांदा निवडत बसलेली. तिला संवाद फार थोडे. रंगसूचना अशी, की भाव जसा उतरत जाईल तसा तिचा हात मंदावत जावा, आणि लिलाव मोडल्यावर ती पुन्हा पहिल्या वेगाने निवडू लागावी. एकांकिकेचा शेवट भाषणात झाला होता. तो कच्चा होता. पण तो हात! आवाज एका बाजूला आणि श्रम दुसऱ्या बाजूला ठेवण्याची ती कल्पना माझ्या निबंधातल्या कोणत्याही स्त्रीप्रतिमेपेक्षा मोलाची होती. मी तिला दूरध्वनी केला. ती एका आश्रमशाळेत शिकवत होती. पुढे काही लिहिले का, असे विचारले. 'नाही मॅडम. कोणी काही म्हणालं नाही, मग राहून गेलं.' परीक्षकांनी गुण दिले होते, मंडळाने प्रमाणपत्र दिले होते. 'कोणी काही म्हणालं नाही' यातला 'कोणी' मी होते.

ती मोठी नाटककार झाली असती, असा माझा दावा नाही. तो दावा करण्याइतके तिने लिहिलेच नाही, आणि त्यात माझा वाटा आहे. शेवट का कच्चा आहे आणि हात का पक्का आहे, हे तिला त्या वर्षी सांगणारा वाचक हवा होता. त्याला प्रोत्साहन म्हणत नाहीत. पाठ थोपटणारे पुष्कळ असतात. कारणासह 'हे फसले आहे' म्हणणारा दुर्मीळ असतो.

बहुतेक नव्या संहिता सामान्यच असतील, हे मला मान्य आहे. कोणत्याही काळात बहुतेक कविता सामान्यच असतात. म्हणून कवितेच्या अभ्यासकाने वाचन थांबवलेले नाही. शिवाय सामान्य संहितांचाही अभ्यास होऊ शकतो. स्पर्धेच्या वेळमर्यादेने मराठी एकांकिकेच्या रूपबंधाचे काय केले? आरंभीचे समूहदृश्य, मध्येमध्ये पडणारा काळोख, शेवटी प्रेक्षकाभिमुख होऊन केलेले निवेदन हा साचा कसा आणि का घट्ट झाला? जिल्ह्याजिल्ह्यांच्या बोली संहितेत येताना कोठे पात्राच्या तोंडी बसतात आणि कोठे केवळ विनोदासाठी वापरल्या जातात? या प्रश्नांची उत्तरे चार-पाच गाजलेल्या नाटकांतून मिळणार नाहीत. त्यांना शंभर अप्रसिद्ध संहिता लागतील. दरवर्षी त्याच त्या नाटककारांवर, केवळ शीर्षक फिरवून येणारे शोधप्रबंध ज्यांनी तपासले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

करण्याजोगे काय आहे, तेही लिहिते. नाही तर हा लेख त्याच चर्चासत्राच्या समारोपासारखा व्हायचा. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या केंद्रावर होणाऱ्या स्पर्धांतील संहिता, लेखकाच्या लेखी अनुमतीने, तारीख आणि श्रेयनामावलीसह जपून ठेवाव्यात. शक्य असेल तेथे तालमीपूर्वीची आणि प्रयोगानंतरची अशा दोन प्रती. कोलकात्याचे नाट्यशोध संस्थान १९८१ पासून रंगभूमीचे दस्तऐवज जतन करीत आहे; त्याच्या शंभरांश काम एका कपाटात होऊ शकते. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील एका अप्रकाशित संहितेचे सविस्तर परीक्षण लिहावे आणि ते लेखकालाही द्यावे. एका अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी हे सुचवले, तेव्हा 'पुस्तकाला आयएसबीएन नाही' असे उत्तर मिळाले होते. ज्या नाटकाला तो क्रमांक आहे ते वाचायला समीक्षकाची काय गरज, हे मी तेव्हा विचारले नाही, आता विचारते. वाङ्मयीन नियतकालिकांनी, यात प्रस्तुत नियतकालिकही आले, वर्षाकाठी निदान एक पूर्ण नवे नाटक छापावे आणि त्याच्या पुढच्याच अंकात त्यावर दोन परस्परविरोधी लेख.

यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही. लागते ती एक संध्याकाळ, टाचणी मारलेली तीस पाने, आणि आपले मत चुकण्याची तयारी. गाजलेल्या नाटकाविषयी मत देताना चुकण्याचा धोका नसतो; इतरांनी आधीच आपल्या वतीने तो पत्करलेला असतो. नव्या संहितेपुढे समीक्षक एकटा असतो. ते एकटेपण आम्ही टाळले, आणि त्यालाच मराठी नाटकाचा दुष्काळ असे नाव दिले.

पुढच्या वेळी चर्चासत्रात कोणी 'नवे नाटक लिहिलेच जात नाही' असे म्हणाले, तर मी उठून एवढेच विचारणार आहे: या वर्षी आपण वाचलेल्या, न छापलेल्या कोणत्याही तीन मराठी नाटकांची नावे सांगा. त्याआधी हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागेल. त्या तयारीसाठी येत्या स्पर्धेच्या दिवसांत मी साईखेडकरच्या मागच्या रांगेत बसलेली असेन, आणि प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन संहिता मागेन.